कॉम्प्युटरपुढे कापलेला कोहळा

आयुधपूजेच्या सकाळी नंजुंडय्यांनी ठरवलं, की यंदा कॉम्प्युटरचीही पूजा करायची. तिथेच सगळं बिनसलं.

पत्नी गौरम्मा होत्या तोवर घरातल्या यंत्रांची काळजी त्यांना नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या मिक्सरला, शिलाई मशीनला, कुकरला, एवढंच काय, नवऱ्याच्या छत्रीलाही हळदकुंकू लावायच्या. (छत्रीशेजारी नवराही बसलेला असे, त्याला कधी फूल मिळालं नाही.) त्या गेल्या, आणि तुमकूरच्या त्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज कुणी आवाज चढवेनासं झालं. शांतता हवी म्हणून जन्मभर कुरकुरलेल्या नंजुंडय्यांना ती आता खायला उठायची.

कॉम्प्युटरमध्ये निदान लेक दिसायची. पवित्रा जर्मनीला आईच्या दसऱ्यात मांडायच्या बाहुल्या घेऊन गेली होती आणि यंदा तिने त्या पहिल्यांदाच मांडल्या होत्या. "अप्पा, संध्याकाळी सहाला दाखवते हं. उद्या आवरून पेटीत टाकणार, आजच काय ते बघा," असं तिने बजावलं होतं. नंजुंडय्यांचा फोन बटणांचा, त्यात दिसायचा फक्त नंबर. म्हणजे भिस्त सगळी कॉम्प्युटरवर. त्याला दृष्ट लागून कसं चालेल?

दृष्ट काढायची तर कोहळा कापायला हवा. गौरम्मा तो उंबऱ्याबाहेर कापत. कॉम्प्युटर उंबऱ्याबाहेर नेता येईना, म्हणून नंजुंडय्यांनी कोहळाच टेबलावर आणला. तो घरंगळायला लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यामागून आलेली जाडशी केबल हाताशी होती. तिची त्यांनी छान चुंबळ केली, वर कोहळा बसवला, देवाचं नाव घेतलं आणि कोयता हाणला. कोहळ्याचे दोन तुकडे झाले, केबलचेही झाले, आणि पडदा काळाठिक्कर पडला.

वीज मंडळात उभी हयात काढलेला माणूस! (बिलं लिहिण्यात. वायरशी संबंध आला तो हा असा.)

ते तसेच अन्वरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दाराला आंब्याची पानं होती आणि आत सगळे स्क्रूड्रायव्हर झेंडूच्या फुलांखाली आडवे झाले होते.

"अन्वर, पडद्याची केबल तुटली रे."

"तुटली की उंदराने खाल्ली?"

"कापली गेली. कोयत्याने."

अन्वरने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सर, कॉम्प्युटरवर एवढा राग?"

"राग कसला? पूजा करत होतो!"

"मग उद्या या. आज हत्यारं पूजेला बसलीत. नव्या केबली त्या कपाटात आहेत, आणि कपाटाला हार घातलाय. उद्या हार उतरला की पहिलं काम तुमचं."

"अरे, पण तुला कुठली आयुधपूजा?"

"दुकान तुमकूरात आहे ना सर? सकाळी चुकून पक्कड उचलली, तर बायकोनेच हातातून काढून घेतली."

"आज लेक दिसणार नाही रे," नंजुंडय्या म्हणाले.

अन्वर विरघळला. "इथे बसा, माझ्या फोनवर बघा."

पण लेकीला वाटलं असतं, अप्पांना घरी करमत नाही. (करमत नव्हतंच. पण ते लेकीला कशाला कळायला हवं?)

"मग मेन स्विच बंद करा, रंगाला रंग जोडा आणि वर चिकटपट्टी मारा. पुढे तुमचं नशीब," असं म्हणून अन्वरने त्यांच्या हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी ठेवली.

घरातली सुरी, कात्री आणि कोहळा कापून झालेला कोयताही, सगळी देवापुढे. पूजेतून निसटलेलं एकच हत्यार सापडलं, ते म्हणजे नेलकटर. त्याने त्यांनी दुपारभर केसाएवढ्या तारा सोलल्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधला, आणि सहाच्या ठोक्याला बटण दाबलं. पडदा उजळला. सगळा हिरवागार!

"अप्पा, दिसतंय ना?"

"झकास!" हिरवी पवित्रा, हिरवा जावई, त्याच्या कडेवर कैरीएवढी हिरवी नात. मागे बाहुल्यांतले हिरवे राजाराणी. राणीची मान किंचित वाकडी होती. गौरम्मांनी ती डिंकाने चिकटवली होती. नंजुंडय्यांना भडभडून आलं.

"माझ्या साडीबद्दल काहीच बोलला नाहीत?"

"पोपटी रंग शोभतो हो तुला."

"अप्पा, लाल आहे!"

"तेच म्हणतोय मी."

"घरी कोण कोण आलंय?"

"अगं, पाय ठेवायला जागा नव्हती! आत्ताच सगळे गेले."

तेवढ्यात नात रडायला लागली. "ठेवते हं अप्पा," पवित्रा म्हणाली. "ठेव ठेव, मलाही कामं पडलीत," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ हिरव्या पडद्यापुढे एकटेच चुरमुरे खात बसले. इतकं एकटं त्यांना गौरम्मांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अन्वर आला. नवी केबल चुटकीसरशी बसली. मग त्याने कॉफी घेतली, सासूची गाऱ्हाणी सांगितली आणि स्वतःच मोठमोठ्याने हसला. तो गेल्यावर घर भलतंच गप्प झालं.

चार दिवसांत माऊस बिघडला. अन्वरने बघितलं तर त्याची पिन उपटलेली. मग कीबोर्ड बिघडला, त्याचीही तीच गत. मग पंखा. पंख्याचं बटणच बंद होतं.

"सर," स्टुलावरून उतरत अन्वर म्हणाला, "कॉफीला बोलवायचं तर सरळ कॉफीला बोलवा. बिचाऱ्या वस्तूंचे हाल कशाला?"

नंजुंडय्या कानापर्यंत लाल झाले. "पण ती केबल खरंच चुकून कापली हं!"

"हो हो," अन्वर म्हणाला. त्याचा काडीइतकाही विश्वास बसला नव्हता.

पुढच्या रविवारी नंजुंडय्यांनी सगळा धीर एकवटून फोन लावला. "अन्वर, काही बिघडलेलं नाही. नुसता कॉफीला ये."

फिल्टरमधून कॉफी उतरायच्या आत अन्वर दारात हजर. घामाघूम, एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, दुसऱ्यावर केबलचं अख्खं भेंडोळं.

"काही बिघडलेलं नाही म्हणालात, तेव्हाच मी हातातलं काम टाकून धावत सुटलो," तो धापा टाकत म्हणाला. "बोला सर, आता काय कापलंत?"