आपली विश्वासू, अ. ब. क.

औपचारिक पत्रलेखनात दहापैकी दहा! अख्ख्या नववी 'ब'मध्ये फक्त मला! म्हणून आईनं सौदाचिठ्ठी बाहेर काढली तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "वकील कशाला? मी हाय ना!"

गोष्ट साधी होती. गेल्या वर्षी आईनं शेषेराव मामांकडून अहमदपुरात घरासाठी प्लॉट घेतला. सौदाचिठ्ठीत कलम सात होतं : शेजारची रस्त्याकडची पट्टी आईला त्याच भावानं घेता येईल, पण तसं पत्र, तिच्या सहीनिशी, ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत मामांच्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर हक्क खलास! त्या पट्टीवर आईचं शिवणकामाचं दुकान होणार होतं. पंधरा वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारात मशीन चालवते. आमच्या भाकरीत दोरे सापडतात! बोर्डही ठरला होता : 'लुंबिनी लेडीज टेलर्स'. लुंबिनी म्हणजे मीच!

मी पत्र लिहिलं. समास, विषय, संदर्भ, मायना, सगळं जागच्या जागी. आई ब्लाउजांच्या ढिगात बुडालेली. तिला कशाला उठवा, म्हणून मीच पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर पोस्टानं धाडलं.

३१ मार्चला दुपारी तीन वाजता मामांचा फोन! कौतुक आईनंही ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला.

"महामाया, तुझं पत्र काही आलं न्हाई बाई. एका अबकचं आलंय. पट्टी मीच घेणार म्हणून राहिला. कोण हाय हा?"

आईची कात्री कापडातच थांबली. "अबक?"

"लई मोठी कंपनी दिसून राहिली. पत्तासुद्धा 'अबक नगर'! सिमेंटवाला वीरण्णा इथं ठाण मांडून बसलाय, कंपनीच्या आधी पट्टी मला द्या म्हणून. पाचपर्यंत वाट बघतो. कलम म्हणजे कलम!"

आईनं माझ्याकडं बघितलं. मशीनची सुई बरी, अशी नजर!

"लुंबे, सही कुणाची केलीस?"

"आपली विश्वासू, अ. ब. क.," मी पुटपुटले. "अगं, पेपरात खरं नाव लिहिलं की मार्क कापतात!"

"हा पेपर हाय का गं भवाने?"

अहमदपूरची रिक्षा पकडली! वाटेतल्या शिरूर ताजबंदपर्यंत मी मांडीवर भूगोलाची वही ठेवून दुसरं पत्र लिहिलं. दर खड्ड्याला एक वेलांटी उडाली. 'पट्टी'ची 'पाटी' झाली, 'विकत'चं 'विकट' झालं. समास रिक्षाबाहेरच पडला! खाली आईनं सावकाश सही केली : महामाया आनंदराज सोनकांबळे.

चार वाजून बावन्न मिनिटांनी आम्ही मामांच्या ओसरीत. वीरण्णा घड्याळाकडं बघत होता, मामा चष्मा पुसत होते. मी पत्र त्यांच्या हातात कोंबलं.

मामांनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. "अक्षर लई घाण हाय," ते म्हणाले. "पण सही महामायाची हाय. पट्टी तिची!"

"मग त्या कंपनीचं काय?" वीरण्णा ओरडला.

मी छताकडं बघितलं.

"पोच द्या मामा," आई म्हणाली. मामा सगळं ओळखून हसले, त्यांनी सही ठोकली आणि कागद माझ्या नाकासमोर धरला. "खरं नाव हाय, बघून घे!"

वीरण्णानं मात्र अबक कंपनीची बातमी अहमदपूरभर केली. दुकान बांधून होईस्तोवर जो तो विचारू लागला, "अबक कधी उघडणार?" पेंटरनं नाव विचारलं तेव्हा आईनं क्षणभरही विचार केला नाही.

आता 'अ. ब. क. लेडीज टेलर्स' लई जोरात चालतं! गिऱ्हाईक विचारतात, "हे अबक कोण?" आई मशीन न थांबवता माझ्याकडं बोट दाखवते.