दगडू आबा आणि समुद्राची पाळी

दगडू आबांच्या मते जगात पाणी एकाच कामासाठी आहे, उसासाठी. रस्त्यात गळका नळ दिसला तरी ते थांबून अंदाज घेतात, "ह्येच्यावर दोन सऱ्या भिजतील की!" आमच्या कळंब गावात पाटाचं पाणी कुणाच्या पाळीत कुणी चोरलं, हे त्यांना तोंडपाठ. अशा माणसाला समुद्र दाखवायची वेळ माझ्यावर आली.

कारण त्यांची एकुलती लेक शालन. ती नर्स. तिची नेमणूक झाली डहाणूच्या पलीकडं, खाडीकाठच्या वारल्यांच्या पाड्यावर. "पोरगी तितं उपाशी मरंल," असं म्हणत आबांनी तिला घरी आणायचं ठरवलं. मी शेजारी, म्हणून गाडी माझी. मागच्या सीटवर बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा कॅन.

समुद्र दिसला तसे आबा गाडीतून उतरून टोपी सारखी करत उभे राहिले. मग म्हणाले, "आरं, एवढं पाणी, आन् उसाचं एक टिपरू उगवत न्हाय? काय उपेग?"

पाड्यावर पोचलो, तेव्हा शालनच्या शेजारची लखमी आजी खाडीत शिंपल्या वेचायला निघाली होती. पाणी ओसरलं होतं, लांबवर नुसता चिखल. हे पाणी येतं नि जातं, हे कळल्यावर आबांचे डोळे चमकले.

"म्हंजी पाळीचं पाणी! पाणी सोडणारा पाटकरी कोण हितला?"

"चंद्र," आजी म्हणाली.

"मग पाळी लांबवायची तर भेटायचं कुणाला?"

आजी हसून हसून खाली बसली. तिकडं लहानमोठ्या सगळ्यांना अरे-तुरेच करतात. ती म्हणाली, "चल, तुला दाखवते."

तिनं शिकवलं : टाच टेकायची नाही, चिखलात बारीक भोक दिसेल तिथं विळ्याच्या टोकानं उकरायचं, लहान शिंपली परत ठेवायची. आबा मान डोलवत होते. पण आजीची पाठ वळताच, "चिखल काय आमी बघितला न्हाय व्हय?" म्हणत ते ताठ चालीनं पुढं गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. ओढावा तसा पाय आणखी खाली. तेवढ्यात मागच्या ओहळातून पाणी चढायला लागलं.

"आबा!" शालन किंचाळली. मी धावलो, तर आजीनं मला दंडाला धरून मागं ओढलं. "तू पण रुतशील!" मग ती आबांवर ओरडली, "उभा राहू नको! आडवा पड! पोटावर!"

गावात कुणासमोर न वाकलेला माणूस पांढऱ्या शर्टासकट चिखलात आडवा झाला. एक पाय सुटला, मग दुसरा. आजी सांगेल तसे सरपटत ते काठाला आले. शालन रडतही होती आणि हसतही होती.

पाड्यातल्या बायकांनी आबांना आंघोळ घातली, म्हणजे अक्षरशः बादल्या ओतल्या. मग भाकरी आणि शिंपल्यांचं कालवण. जेवताना आजी सहज बोलून गेली, "पावसात हिला ताप आला, तेव्हा आम्ही पाळीपाळीनं हिच्यापाशी निजत होतो."

शालननं हे घरी कळवलंच नव्हतं. आबांचा घास हातातच राहिला. उठताना पिठाचा डबा त्यांनी आजीच्या चुलीपाशी नेऊन ठेवला.

सकाळी शालननं आपली बॅग भरायला घेतली, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुजी माणसं हायत हितं."

आम्ही दोघंच परत निघालो. हायवेला लागेपर्यंत आबांची मान कलली. चहाला गाडी थांबवली तरी जाग नाही. त्यांचा फोन वाजला, म्हणून मी उचलला. शालन होती.

"झोपलेत," मी हळूच सांगितलं.

"खरंच? आई गेल्यापासून नीट झोपलेच नाहीत ते. उठवू नकोस हं."

मी चहा न घेताच गाडी पुढं काढली, अगदी सावकाश.