खिसा असलेलं कपाट

"खिळे ठोकून होतं ते खोकं. खाचेत खाच बसते ते कपाट," असं सासरे जेवताना सहज बोलून गेले आणि जावयाने ते मनाला लावून घेतलं. सासरे हाडाचे सुतार, जावई कचेरीतला कारकून. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासऱ्यांनी त्याच्या हातात कधी हातोडा दिला नव्हता. (एकदा त्याने मागितला, तर खिळा त्यांनी स्वतःच ठोकून टाकला.) या माणसाने एकदा तरी 'शाब्बास' म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

रविवारी दुपारी सासरे येणार होते. त्याआधी स्वयंपाकघरातलं कपाट तयार करायचंच, असं त्याने ठरवलं. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही! फळ्यांच्या टोकांना त्याने दात कापले आणि ते समोरच्या खाचांत बसवले. खाचा इतक्या ऐसपैस झाल्या होत्या की दात आत जाऊन फिरून यायचे. उरलेल्या फटी त्याने सरसाने बुजवल्या. वरची फळी तर दोन अरुंद फळ्या चिकटवून केलेली.

सरस वाळेपर्यंत दाब हवा आणि घरात शिकंजा नाही. मग तो स्वतःच वर चढून बसला, बरोबर जोडावर, आणि दोन तास पेपर वाचला.

बेल वाजली. बायकोने दार उघडलं. सासऱ्यांना पाहून तो आदराने उठायला गेला, पण जागचा हलला नाही.

"अहो, बाबा उभे आहेत आणि तुम्ही बसून काय राहिलात?"

"उठता येत नाहीये!"

"कंबर धरली का?"

"कपाटाने धरलंय!"

मग बापलेकींनी एकेक हात धरून ओढलं. कडाड् आवाज झाला, कपाटाच्या बाजू चारी दिशांना कोसळल्या आणि वरची फळी पाठीमागे घेऊन जावई उभा राहिला.

सासऱ्यांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं, फळी हलवून बघितली.

"जावईबापू, अख्ख्या कपाटात हा एकच जोड जमलाय. शाब्बास!"

पॅन्ट कात्रीने कापावी लागली. मागचा खिसा मात्र फळीवरून निघाला नाही तो नाहीच. सासऱ्यांनी दोन दिवस राहून कपाट नव्याने केलं आणि तीच फळी दाराला लावली. बायको आता त्या खिशात काडेपेटी ठेवते.

"कपाट बाबांनी केलं, खिसा शिंप्याने," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

"आणि यांनी?"

"हे बसले होते."