गभणेभाऊंची लाखोरी

डोमाजी गभणे पहिल्यांदा आमच्या दारात आले ते हातात वाटी घेऊनच. मी 'कोण?' म्हणायच्या आत त्यांनी उठाबशा काढायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर टोपी, आणि वाटीतला थेंब सांडू न देता खाली बसतोय नि उठतोय. मला वाटलं, गेली केस हातची. मी ह्यांना हाक मारणार तेवढ्यात ते थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "पाहून घेतले ना बाई पाय? लहानपणापासून खाऊन राहिलो. आता चाखून तं पाहा."

वाटीत लाखोरीची डाळ होती.

लाखोरी ही भंडाऱ्याकडची डाळ. धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे खाचरात, तिचं बी फेकून देतात, आणि मग ती आपली आपण उगवते, कोणाला त्रास म्हणून देत नाही. पण रोज रोज फार खाल्ली तर पाय लुळे पडतात असा तिचा लौकिक. सरकारनं विक्रीला बंदी केलेली, त्यामुळे दुकानात उघड मिळायची नाही आणि चुलीवर मात्र घरोघरी शिजायची. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी तिचा असा धसका घेतला होता की नाव काढलं तरी गुडघे दुखायचे. म्हणून त्या उठाबशा.

जनता राजवटीचे दिवस होते. ह्यांची बदली कालव्याच्या कामावर लाखनीला झाली आणि मी साताऱ्याची बाई एकदम ट्रकच्या हॉर्नवर झोपायला शिकले. हमरस्त्याला लागून क्वार्टर्सची एक ओळ होती. आमच्या शेजारी बॅनर्जीकाकी, पलीकडे पंजाबच्या हरबन्सभाभी, मग मद्रासकडच्या सुब्रमण्यमबाई, आणि टोकाला एकटे गभणेभाऊ. ऑफिसात स्टोअरकीपर. मूळचे दिघोरीचे. बायको वारलेली, मुलगी बालाघाटकडे दिलेली.

आता, कोणाची वाटी रिकामी परत करायची नाही हे मला वाटत होतं आमच्याकडचंच वळण. पण ते बंगालात तसंच, पंजाबात तसंच आणि मद्रासकडेही तसंच निघालं. गभणेभाऊंनी या एका रिवाजावर संसार थाटला होता. संध्याकाळी चार घरी चार वाट्या पाठवायच्या, की दुसऱ्या दिवशी चार घरचं परत येतं. रसम, राजमा, माशाचा झोल, माझी आमटी. त्यांच्या पुढ्यातलं ताट बघून साहेबांनासुद्धा हेवा वाटावा.

बरं, खाऊन गप्प बसतील तर ते गभणेभाऊ कसले. सकाळी ऑफिसला जाताना दारोदार निकाल सांगत जायचे, आणि निकाल एकच असायचा, की हे मूळचं आमच्या झाडीतलंच, म्हणजे या भंडाऱ्याकडच्या मुलखातलंच आहे. डोसा म्हणजे आमचे तांदळाचे आक्शे, मद्रासवाल्यांनी नुसते पातळ केले. सरसोंचा साग म्हणजे आमची अंबाडी, तिच्यातला आंबटपणा काढला की झालं. माशाचा झोल तर इथल्याच तळ्यावरच्या कोणीतरी बंगालात जाऊन शिकवला असणार. हरबन्सभाभी यावर एकदा लाटणं घेऊन बाहेर आल्या होत्या. मला म्हणाले, "आमटी चांगली हाये बाई, पण पाणी कमी टाकत जा." कटाच्या आमटीला! साताऱ्याच्या! मी पुढचे काही दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वाटी मात्र भरून पाठवली, रिवाज तो रिवाज.

पण त्यांचं खाण्याचं वेड हा नुसता देखावा होता. त्यांना खरं एकच हवं होतं, की या ओळीत कोणीतरी त्यांची लाखोरी खावी. आणि नेमकी तीच कोणी खात नव्हतं. सुब्रमण्यमबाई गाईला घालायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. वर 'छान झाली होती हं भाऊ' म्हणायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, मीठ बरोबर होतं ना? मी म्हटलं, अगदी बेताचं. तर म्हणतात, "टाकलंच नव्हतं." आणि टोपी सारखी करून निघून गेले. संध्याकाळी पुन्हा वाटी हजर. या माणसाच्या चिकाटीपुढे मी हात टेकले.

मग एक दिवस गाय आलीच नाही.

सुब्रमण्यमबाईंची पंचाईत झाली. अन्न टाकायचं कसं? हरबन्सभाभींची वाटी परत द्यायची राहिली होती. बाईंनी लाखोरीला कढीपत्त्याची फोडणी दिली, वर ओलं खोबरं घातलं आणि दिली पाठवून. भाभींना वास ओळखीचा वाटला. त्यांनी कांदा परतला, लोण्याचा गोळा सोडला आणि ती बॅनर्जीकाकींच्या वाटीत घातली. काकी कसल्या कमी! त्यांनी मोहरीचं तेल, पाचफोडण असं सगळं करून ती माझ्याकडे धाडली. आणि मी, दीडशहाणी, ती अर्धी वाटी भाताबरोबर ओरपली. ह्यांना म्हटलं, डाळ करावी तर बंगाल्यांनी. उरलेली गभणेभाऊंच्या वाटीत घातली. म्हटलं, बिचारा एकटा माणूस आहे, त्यालाही कळू दे चांगली डाळ कशी असते.

सकाळी गभणेभाऊ आले. उठाबशा नाहीत, निकाल नाही. दारात नुसतेच उभे.

"बाई, बंगालीबाईनं मोहरीच्या तेलात लाखोरी रांधली. माह्यासाठी."

मला काही समजेना. ते तसेच पुढे काकींच्या दारात गेले, हात जोडले, मग भाभींकडे, मग सुब्रमण्यमबाईंकडे. सगळ्या ओळीला सांगून ऑफिसला गेले. काकी खरं सांगायला तोंड उघडणार होत्या, पण तो हात जोडलेला माणूस बघून त्यांनीही नुसते हात जोडले.

दुपारी काकींच्या ओट्यावर पंचायत बसली आणि चोरी उघडी पडली. आपण लाखोरी खाल्ली हे मला तेव्हा कळलं. मी उठून अंगणाला फेरी मारून आले. पाय चालत होते. भाभी पोट धरून हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की आता खरोखरच करावी लागेल, नाहीतर हे पाप कुठे फेडायचं? दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, भिजवून ते पाणी फेकून द्या, एखाद्या वेळेला खाल्ली तर काही होत नाही. डाळ दूधवाल्यानं घरची आणून दिली. नवऱ्यांपैकी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांना काय, ताटात पडलं की झालं.

रविवारी दुपारी काकींच्या ओट्यावर पानं मांडली. काकींनी डाळ शिजवली आणि आम्ही तिघी चुलीभोवती सासवांसारख्या उभ्या होतो. गभणेभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. आम्ही चौघी त्यांच्याबरोबरच बसलो. त्यांनी आधी हात लावला नाही. आम्ही घास घेतो का ते बघत राहिले. सुब्रमण्यमबाईंनी देवाचं नाव घेऊन पहिला घास घेतला, मग आम्ही सगळ्यांनी.

मग ते जेवले. अर्धा भात संपला तरी निकाल नाही. हे आमच्या झाडीतलंच, असंही नाही. मला वाटलं, बिघडली बहुतेक. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून हळूच बोलले, कारण त्यांची बोली थोडीफार कळणारी मी एकटीच.

"त्या दिवशी आली होती ती माह्यीच होती, बाई. मले का माह्या हातची चव समजत नाई?"

मी चाटच पडले. म्हटलं, मग भाऊ, दारोदार सांगत काहून हिंडलात?

"म्हटलं, सांगून तं पाहू. लाज वाटून कोणी करन तं करन." ते ताटाकडे बघत होते. "बायको गेली तवापासून मीच रांधतो अन् मीच खातो. दुसऱ्याच्या हातची आज भेटली."

मला रडू यायला लागलं. इतका लबाड माणूस, आणि इतक्याशा गोष्टीसाठी लबाडी.

बॅनर्जीकाकी आमच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असावं काहीतरी चुकलं. त्यांनी मला विचारलं, "क्या बोला?"

"और माँगते हैं," मी म्हटलं.

काकी उठल्या आणि आतून पातेलंच घेऊन आल्या.