सत्यभामेचं ऑपरेशन आणि माझी जाहिरात

सत्यभामेच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस टीव्ही नाही, मोबाइल नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि बायको रडकुंडीला आली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना! रेडिओ आणतो. आपल्या काळची गाणी ऐकत पडायचं. पंधरा दिवस कसे गेले कळणारही नाही!"

आमची मुलगी गीतांजली म्हणाली, "बाबा, मोबाइलवर लावून देते ना मी गाणे."

"मोबाइलवर गाणं आपण लावतो. रेडिओवर ते आपण होऊन येतं! त्याची मजा तुम्हा पोरांना नाही कळायची."

आलं. रोज तेच आलं! मदन महाल भागातल्या आमच्या घरात नव्या सेटवर एकच स्टेशन स्वच्छ लागतं, रेडिओ चटपट. त्यांच्याकडे गाणी एकूण पाच. मधल्या वेळात कोचिंग क्लास, गादी, गुडघ्याचं तेल, परत कोचिंग क्लास! शिवाय एकता नावाची मुलगी, जी आधी हसते आणि मग विनोद सांगते. सत्यभामा काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडलेली.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, काहून छळून राहिले मला?"

मला फार वाईट वाटलं. तडक स्टेशनला फोन लावला. बत्तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या, तक्रार कशी करायची हे मला कोणी शिकवू नये!

"मैडम, मदन महल से दिवाकर बोल रहा हूँ। सुबह से रात तक आपका स्टेशन सुनता हूँ, मजबूरी है! मेरी मिसेज की आँख का ऑपरेशन हुआ है। वही पाँच गाने! एक भी पुराना गाना लगातीं, तो हम भी कहते, वाह, मजा आ गया!"

"थैंक यू अंकल!" म्हणून एकता हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादीच्या जाहिरातीनंतर चक्क माझा आवाज आला. "सुबह से रात तक आपका स्टेशन सुनता हूँ! मेरी मिसेज की आँख का ऑपरेशन हुआ है! वाह, मजा आ गया!"

मग टाळ्या! आणि एकता, "मदन महल के दिवाकर अंकल भी सुनते हैं रेडियो चटपट!"

दर अर्ध्या तासाला! दूधवाल्याने विचारलं, "अंकल, आंटी से झगड़ा चल रहा है क्या?" दुपारी सत्यभामेचा थोरला भाऊ शालिग्राम पनागरहून येऊन धडकला. हातात मटाराची पिशवी, पण तोंड हे एवढं फुगलेलं.

"भाऊजी, माह्या बहिणीचा डोळा कापला अन् तुम्हाले मजा येऊन राहिली? चल सत्या, पनागरले चल. गाडी आणली मी."

मी घाम पुसत पुन्हा फोन लावला.

"अरे अंकल, आप तो हिट हो गए!" एकता म्हणाली. "बोलिए, आंटी के लिए कौन सा गाना? पाँच बजे पक्का!"

शालिग्राम खुर्चीत बसला. "गाणं लागलं तं ठीक. नाही तं घेऊन जातो."

पाच वाजले. कोचिंग क्लास. गादी. तेल. मग मी, टाळ्यांसकट. आणि शेवटी सत्यभामेचं आवडतं गाणं सुरू झालं! अर्धी ओळ वाजली नाही तोच एकता वरून बोलायला लागली, आणि तिचं बोलणं संपलं तेव्हा गाणंही संपलं होतं.

मी पार थकलो. बटणाकडे हात नेत म्हणालो, "जा बाई पनागरला. तिथे शांतता तरी मिळेल."

पाहतो तर पलंग हलत होता. सत्यभामा तोंडावर पदर धरून हसत होती!

"अगं, डोळ्याला ताण पडेल!"

"बंद नका करू," ती कशीबशी म्हणाली. "ह्या रेडिओवर ऐकण्यासारखं एवढंच तर लागते!"

"कोणतं, गाणं?"

"गाणं कसलं! तुम्ही!"

शालिग्राम मटार ठेवून एकटाच परत गेला. आता दर अर्ध्या तासाला मी तिच्याशेजारी बसून स्वतःला ऐकतो. आणि खोटं कशाला सांगू, वाईट नाही बोलत मी!