शंभर वर्षांखालचे डाग

सरका मंडळी, जरा पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनीही यावं. डुलकी लागलीच तर हलवायला शेजारी आहेत. आज एका माणसाच्या जेवणाची कथा सांगतो.

हडपसरला दशरथराव नावाचे सत्तरीचे सज्जन राहतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मांडी घालणं कायमचं बंद झालं. वडिलांना पाटावर बसवत नाही, तर त्यांच्यासाठी जेवणाचं टेबल आणावं, असा सद्विचार मुलगा अनिरुद्ध आणि सून कल्याणी यांच्या मनात आला. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

"साधं टेबल काय, कुणीही घेतं," कल्याणी म्हणाली. "अँटिक घेऊ. बाबांना शोभेल."

शनिवार पेठेत बद्रीनाथांचं जुन्या फर्निचरचं दुकान, तिथे तिघंही गेले. त्यांनी आधी टेबल दाखवलं नाही, छापील अर्ज पुढे केला. घरात माणसं किती, पैकी सांडणारी किती, वरण घट्ट की पातळ.

"पातळ," दशरथराव प्रामाणिकपणे म्हणाले.

बद्रीनाथांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं बोललात काका, म्हणून अर्ज फेटाळत नाही. पण आजपासून घट्ट."

सागवानी टेबल खरोखर देखणं होतं. वर पाच पांढरी वर्तुळं उमटलेली होती.

"हे डाग निघतील ना?" कल्याणीनं विचारलं.

"डाग? अहो बाई, कुणा गोऱ्या साहेबाच्या चहाच्या कपाच्या खुणा आहेत त्या! अँटिक असल्याचं प्रमाणपत्र त्यांच्यावरच मिळालंय. पुसल्यात तर नुसतं लाकूड उरेल."

टेबल घरी आलं. पहिल्याच दिवशी दशरथराव खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि जन्माच्या सवयीनं चित्राहुती घातल्या. ताटाभोवती पाणी फिरवलं, भाताची शितं बाजूला ठेवली, देवाला हात जोडले. पोटभर जेवले. ताट उचललं, तर खाली सहावं वर्तुळ!

कल्याणीनं फोन केला, तसे बद्रीनाथ भिंग घेऊन आले. तासभर पाहणी करून त्यांनी लेखी अहवाल दिला : 'वर्तुळ क्रमांक सहा अनधिकृत. कारण : भक्ती.'

"अहो, साहेबाचा चहा चालतो, मग माझ्या देवाचं पाणी का नाही?" दशरथरावांनी विचारलं.

"तेही चालेल की काका. शंभर वर्षं थांबावं लागेल."

"थांबलो असतो हो. पण मध्येच भूक लागते."

त्या दिवसापासून टेबलावर पाणी बंद झालं. वाफेनं पॉलिश फुगतं, म्हणून पुढच्या आठवड्यात गरम अन्न बंद. हळदीचा धोका लक्षात आल्यावर गार अन्नही बंद. अनिरुद्ध आणि कल्याणी टेबलाशेजारी चटई टाकून जेवू लागले. दशरथरावांना तर खाली बसता येत नव्हतं. ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवू लागले.

"थोडेच दिवस, बाबा," कल्याणी कळवळून म्हणाली. "पॉलिश मुरेपर्यंत."

"मुरू दे गं, मुरू दे," म्हणत दशरथराव ओट्यावर पाणी फिरवायचे. देवाचं काय, तो बिचारा तिथेही येत असे. त्याची अर्जाची अट नाही.

टेबल पाहायला नातलग, शेजारी, ऑफिसातली माणसं येऊ लागली. अनिरुद्ध प्रत्येकाला सांगे, "बाबांचे गुडघे दुखतात ना, म्हणून खास त्यांच्यासाठी घेतलं." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. आजकाल असा मुलगा मिळतो कुठे?

"भाग्यवान आहेत हो! आहेत कुठे बाबा?"

"आत. जेवतायत."

आता तुम्हीही हळहळताय, दिसतंय मला. पण चपला घालताना तुमच्यातलाच कुणीतरी मला बाजूला घेईल आणि हळूच दुकानाचा पत्ता विचारेल, हेही ठाऊक आहे. सांगेन, लपवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त घरी गेल्यावर पहिला घास उचलाल, तेव्हा दशरथरावांची आठवण काढा. बसून काढलीत तरी चालेल.