दौलतकाकांचे अकरा पाहुणे

आमच्या अनसिंगात लग्नघराच्या भिंतीवर वरात रंगवायची झाली की दौलतकाकांना बोलवावंच लागे, आणि बोलावलं की त्या वरातीत अकरा माणसं जास्त निघत! नवरा-नवरी, हत्ती, वाजंत्री सगळं झोकात. आणि शेवटी फेटे बांधलेले अकरा उपटसुंभ. ना वराकडचे, ना वधूकडचे.

काका आमचे शेजारी. जर्मनच्या पहिल्या लढाईत गोऱ्या साहेबाच्या पलटणीतून पार इराकात, बसऱ्याला जाऊन आलेले. तिकडून आणलं काय, तर एक लंगडा पाय आणि "लाइन सीदी!" हा हुकूम. विहिरीवरच्या बायकांना, गोठ्यातल्या बैलांना, वाळत घातलेल्या मिरच्यांनाही तो सुटे. रंग गेरू, चुना, नीळ आणि काजळीचे. कुंचला बाभळीची काडी चावून केलेला. कधी लढाईचं चित्र काढलंच, तर गोरा साहेब गेरूनं लालभडक आणि कायम सावलीत. आपले शिपाई कायम उन्हात. "काहून हो काका?" विचारलं तर म्हणत, "मी मनचं नाही काढत बाप्पा. तंबू त्याईचा, पानी त्याईचं. ऊन तेवढं आमचं होतं!"

पंगतीला मात्र ते कधी बसले नाहीत. काठी टेकून आपल्या भिंतीपाशी उभे. "पहाऱ्यावरचा सिपाई जेवत नाही."

माझ्या धाकट्या बहिणीचं, सरूचं लग्न जऊळक्यात ठरलं. व्याही म्हणजे जमदग्नी! मी काकांना बजावलं, "या वेळी ते अकरा नको." काकांनी "हुकूम!" म्हणून सलाम ठोकला आणि वऱ्हाड यायच्या तोंडावर अकराच्या अकरा काढले.

वऱ्हाड आलं. व्याह्यांनी भिंत पाहिली आणि त्यांची मिशी थरथरायला लागली. "आमच्या वरातीत हे बिनबोलावलेले कोन? पुसून टाका, नाही तं गाड्या जुपतो!"

वाजंत्री थांबली. आत सरू रडायला लागली. मी चुन्याची बादली घेऊन धावलो, तर काका भिंतीला पाठ लावून, हात जोडून उभे. त्यांना कुणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पाव्हणे, हे माह्यासंगचे हायेत. बसऱ्याले लढाईत एकाच दिवशी गेले. साहेबानं तिथं दगड लावला. गोऱ्याईचं एकेकाचं नाव कोरलं. आमच्याईचा नुसता आकडा, अकरा. मले लिवता येत नाही, पन तोंडं याद हायेत. हा रामजी, हा कादर, हा किसना... याईतल्या एकाचंबी लगन झालं नव्हतं. म्हनून दुसऱ्याच्या वरातीत घेऊन येतो."

मी बादली खाली ठेवली. माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात आई कुंकू-अक्षतांचं ताट घेऊन आली आणि अकरा जणांना एकेक करून कुंकू लावत गेली. रंग ओला होता, तिची बोटं गेरूनं माखली. "घ्या, आता बोलावलेले झाले."

व्याह्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा गरजले, "मंग पाव्हण्याईले उभं कायले ठेवलं? पानं मांडा ना!"

भिंतीखाली पत्रावळी पडल्या. "लाइन सीदी!" करत काकांनी एकेक सरळ केली आणि शेवटच्या पत्रावळीपाशी थबकले. "हे बारावं पान कोनाचं, वैनी?"

"पहारा सुटला, भाऊजी. बसा."

काठी बाजूला ठेवून, लंगडा पाय लांब करून काका बसले. पहिलाच घास घेतला आणि डोळ्यांतून धार लागली. मग म्हणाले, "वरनात मीठ कमी हाये, वैनी."

आईनं मीठ आणून वाढलं.